दव गोठतं तेव्हा वैरणीचं काय होतं

चेन्नईच्या नुंगमबाक्कम वेधशाळेत नोंदलेली सर्वांत थंड रात्र १३.९ अंश सेल्सिअसची. हा आकडा दोनदा आला, ११ डिसेंबर १८९५ला आणि २९ जानेवारी १९०५ला. पुणेकराला यात थंडी म्हणण्यासारखं काही दिसणार नाही. पुण्यात १७ जानेवारी १९३५ला पारा १.७वर उतरला होता, आणि नाशिकनं ७ जानेवारी १९४५ला उणे ०.६ अंश पाहिलेत. चेन्नईत मार्गळी महिन्याच्या पहाटे कानाला मफलर गुंडाळून फिरायला निघालेली माणसं भेटतात हे खरं, पण त्यात हौसेचाच भाग जास्त. थंडीनं वैरण जाणं हा प्रकार तिथल्या गोठ्यांना ठाऊक नाही.

तिथली हिवाळी वैरण जाते ती पाण्यानं. शहराच्या वर्षभराच्या पावसातला निम्म्याहून अधिक वाटा ईशान्य मोसमी वारे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात टाकून जातात. उंच वाढलेला संकरित नेपिअर आडवा होतो, साचलेल्या पाण्यात त्याचे बुडखे सडतात, आणि कापायला शेतात उतरावं तर पाय गुडघाभर चिखलात. डिसेंबर २०१५चा पूर आणि डिसेंबर २०२३चं मिचौंग चक्रीवादळ ही त्यातली टोकाची उदाहरणं. महाराष्ट्रात हिवाळा म्हटला की लसूणघास आठवतो. चेन्नईच्या दमट उष्म्यात त्याचं फारसं जमत नाही, म्हणून प्रथिनांसाठी शेतकरी दशरथ घासाकडे वळतात.

तरीही गोठलेल्या कुरणांचा एक धागा चेन्नईपर्यंत येऊन पोचतो. वेपेरीतलं मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय १९०३ सालचं. त्यातून पुढे १९८९मध्ये तमिळनाडूचं पशुवैद्यक विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याचं मुख्यालय माधवरमला, म्हणजे शहराच्या उत्तरेला आलं. या विद्यापीठाची काही केंद्रं सपाटीवर आहेत, जसं चेंगलपट्टू जिल्ह्यातलं कट्टुपाक्कम. एक केंद्र मात्र निलगिरीच्या माथ्यावर आहे. उटीहून गुडलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं सँडीनल्ला. तिथं निलगिरी मेंढ्या आणि त्यांच्यापासून तयार केलेली सँडिनो जात सांभाळली जाते. डिसेंबर-जानेवारीत तमिळ वर्तमानपत्रांत पांढऱ्या झालेल्या गवताची छायाचित्रं छापून येतात, तेव्हा तलैकुंदा, कांदल, अवलांची यांच्या जोडीला सँडीनल्लाचं नाव हमखास असतं. एकाच विद्यापीठाच्या एका केंद्रात चारा बुडतो आणि दुसऱ्या केंद्रात तो गोठतो.

उटी विषुववृत्तापासून जेमतेम साडेअकरा अंशांवर आहे. इतक्या दक्षिणेला बर्फ कसा? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समुद्रसपाटीपासून वर चढताना दर किलोमीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. उटीची उंची सुमारे २,२४० मीटर. म्हणजे वजाबाकी साडेचौदा अंशांची. जानेवारीतल्या रात्री चेन्नईत २१ अंश असतील तर उटीत साडेसहा व्हायला हवेत, आणि उटीचं जानेवारीतलं सरासरी किमान तापमान याच घरात असतं. मग शून्यापर्यंतचे उरलेले साडेसहा अंश कुठून आले? ते उंचीनं आणलेले नाहीत. ते निरभ्र आकाशानं आणि जमिनीच्या उतारानं आणले, आणि वैरण करणाऱ्याला समजून घ्यायचे असतात ते हेच अंश, कारण त्यांच्याबाबतीत काहीतरी करता येतं.

जमीन आणि पानं रात्रभर आपली उष्णता आकाशाकडे सोडत असतात. वर ढग असले तर ते त्यातली बरीच परत पाठवतात. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा असला आणि चेन्नईत पाऊस कोसळत असला की त्याचे ढग निलगिरीपर्यंत पसरतात आणि तिथलं गवत सुरक्षित राहतं. ईशान्य मोसमी पाऊस आटोपला, चेन्नईकरांनी छत्र्या मिटल्या, की वर डोंगरात काळजीचे दिवस सुरू होतात. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वारा पडलेला आणि रात्र लांबलचक. अशा रात्री गवताचं पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. वेधशाळेचा तापमापक सव्वा मीटर उंचीवर, लाकडी झडपांच्या पेटीत असतो. गवताच्या शेंड्यालगत ठेवलेला तापमापक अशा रात्री त्याच्यापेक्षा तीन-चार अंश कमी दाखवतो. म्हणून बातम्यांत ‘किमान ३ अंश’ असं वाचून निर्धास्त झालेल्या माणसाला सकाळी शेत पांढरं दिसू शकतं.

दुसरा खेळ उताराचा. थंड हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. बांध, कुंपण, झाडांची दाट रांग आडवी आली तर तिच्यामागे थंडीचं तळं होतं. उटीत हे कुणालाही डोळ्यांनी पाहता येतं. रेसकोर्सचं सपाट मैदान आणि शासकीय वनस्पती उद्यानाची हिरवळ पांढरी होते, आणि शंभरेक फूट वरच्या उतारावरचं गवत नुसतं दवानं ओलं असतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं यातली पंचाईत अशी की वैरणीसाठी बहुधा हीच खालची, ओढ्याकाठची, पाणी धरणारी जमीन राखलेली असते. वरचा उतार चहाला आणि भाजीपाल्याला जातो. हिरवा चारा नेमका थंडीच्या तळ्यात उभा राहतो.

आता पान जवळून पाहू. सूर्य उगवायच्या आधी ओटच्या पानाच्या कडेला साखरेसारखे कण चिकटलेले असतात. मधल्या शिरेवर ते कमी, टोकाला जास्त. बोटानं वाकवलं तर पान वाकत नाही, बारीक कटकन आवाज करतं. हे कण बाहेरचे आहेत. ते हवेतल्या ओलाव्याचे आहेत आणि त्यांनी फारसं बिघडवलेलं नाही. बिघाड होतो तो आत. पेशींच्या मधल्या पोकळीतलं पाणी आधी गोठतं, कारण त्यात विरघळलेले क्षार आणि शर्करा कमी असतात. तिथं तयार झालेला बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, तिच्या आतला रस घट्ट होतो, भोवतीचा पडदा ताणला जातो. गारठा सौम्य असेल तर ऊन आल्यावर पाणी परत आत जातं आणि दुपारपर्यंत पान पूर्ववत होतं. पडदा फाटला असेल तर पाणी परत जायला जागाच उरत नाही. मग तेच पान नऊ-दहा वाजता उकडलेल्या पालकासारखं गर्द, ओलसर, लोळागोळा दिसतं आणि दोन दिवसांत तपकिरी पडतं. म्हणजे थंडीनं पान जाळलं असं आपण म्हणतो, पण खरं तर ते तहानेनं मरतं.

हवा अगदी कोरडी असली तर पांढरे कण दिसतही नाहीत आणि पान आतून गोठून जातं. सकाळी सगळं ठीक वाटतं, संध्याकाळी शेत काळवंडतं. ब्राझीलच्या पराना राज्यात १८ जुलै १९७५ला अशाच काळ्या हिमानं कॉफीचे मळेच्या मळे संपवले आणि जगभर कॉफी महागली. पांढरं हिम त्या मानानं बरं. दव गोठताना थोडी उष्णता बाहेर पडते आणि पानाला तेवढाच आधार मिळतो.

गोठण्याचा फटका सगळ्या वैरणींना सारखा बसत नाही. आपल्याकडची बहुतेक हिरवी वैरण उष्ण प्रदेशातून आलेली आहे. मका, ज्वारी, बाजरी आणि नेपिअर यांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच कडक ऊन आणि उष्णता यांच्यासाठी घडलेली आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि जयवंत, कोइंबतूरच्या कृषी विद्यापीठाचे को-३ आणि को-४ हे संकरित नेपिअर म्हणजे एका हेक्टरात वर्षभर कापत राहावं असे जातिवंत वाण. पण पारा १० अंशांकडे सरकला की त्यांची वाढ थांबते. हिमाची वाट पाहायचीच गरज नसते. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे अनुभवानं माहीत असतं. पौषात जयवंतच्या दोन कापण्यांमधलं अंतर लांबतं आणि गोठ्यात कडबा सोडावा लागतो. निलगिरीच्या माथ्यावर एका गोठणाऱ्या रात्रीत नेपिअरचा वरचा सगळा पाला मरतो. ठोंब मात्र जमिनीत जिवंत राहतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला फुटवे काढतो.

किकुयू गवताची तऱ्हा जवळपास तीच. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पठारावरून आलेलं हे गवत आज निलगिरीत आणि कोडैकानलच्या डोंगरात ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, पडीक वाफ्यांत गालिच्यासारखं पसरलं आहे. गाई ते आवडीनं खातात. हिमानं त्याचा वरचा थर पेंढ्यासारखा पिवळा पडतो, पण जमिनीखालच्या आडव्या खोडांना धक्का लागत नाही. हिवाळ्यात ते खायला घालत नाही आणि मरतही नाही, असा हा अर्धवट भरवशाचा सोबती.

थंड प्रदेशातून आलेल्या वैरणी वेगळ्या मुशीतल्या. ओट, राय, रायग्रास, फेस्क्यू आणि पांढरा क्लोव्हर थंडीची चाहूल ओळखतात. दिवस लहान होऊ लागले आणि काही आठवडे रात्री गार राहिल्या की त्यांच्या पेशींत शर्करा साठते, पडद्यांमधली स्निग्धद्रव्यं बदलतात आणि तेच रोप आधीपेक्षा कितीतरी अंश जास्त थंडी सोसतं. ही तयारी उसनी मिळत नाही, ती त्या त्या हिवाळ्यात कमवावी लागते. आधी दोन-तीन आठवडे ऊबदार गेले आणि एकदम पारा कोसळला तर कणखर जातही उघडी पडते. फेब्रुवारी २०२१मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससवर आलेलं शीतवादळ या बाबतीत बोलकं आहे. १६ तारखेला डॅलस-फोर्टवर्थला उणे १९ अंशांच्या जवळ नोंद झाली. तिथं मांसासाठीची जनावरं हिवाळाभर गहू, राय, ओट आणि रायग्रासच्या शेतांत चरत असतात. त्या पंक्तीत ओट सर्वांत नाजूक, राय सर्वांत चिवट. ओटची शेतं ठिकठिकाणी मुळासकट गेली, राय आणि गहू बरेचसे पुन्हा उभे राहिले.

मुळासकट गेलं की नुसता पाला गेला, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे आणि ती उटीतही चालते, निफाडातही. गोठल्यानंतर लगेच निकाल द्यायचा नाही, चार-पाच दिवस थांबायचं. मग ओटचं एखादं रोप उपटून बुडखा धारदार चाकूनं उभा चिरायचा. आत तांदळाच्या दाण्याएवढा वाढीचा कोंब असतो. तो पांढरा आणि टणक असेल तर वरचा पाला कितीही करपलेला असो, रोप फुटणार. पिवळट, पिचपिचीत असेल तर त्या रोपाकडून आशा नाही. कोवळ्या ओटचा हा कोंब जमिनीलगत, मातीच्या उबेत दडलेला असतो. पीक कांडी धरू लागलं की तो खोडाबरोबर वर चढतो, आणि मग हलक्या गारठ्यातही सापडतो. पेरणीची तारीख म्हणूनच महत्त्वाची. फार लवकर पेरलेला ओट दिसायला सर्वांत देखणा, पण हिमाच्या दिवसांत नेमका कांडीवर आलेला असतो.

आणखी दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे थंडीआधी वैरण अगदी जमिनीलगत खरडून कापणं किंवा चारून घेणं. चार बोटं पाला मागे राहिला तर तो कोंबावर पांघरुणासारखा राहतो आणि पुन्हा फुटण्यासाठीची शिदोरीही त्याच बुडख्यात असते. दुसरी म्हणजे उशिरा युरियाचा हात सैल सोडणं. लुसलुशीत, पाणीदार वाढ आधी गोठते.

बचावाचे उपाय किती उपयोगी? संध्याकाळी हलकं पाणी देणं खरंच कामाचं आहे, कारण ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री सावकाश सोडते. तुषार सिंचन रात्रभर चालू ठेवलं तर एक लिटर पाणी गोठताना ८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते आणि पान शून्याच्या आसपास टिकून राहतं. अट एकच, पहाटे पाणी मध्येच बंद पडता कामा नये, नाहीतर नुसत्या गारठ्यापेक्षा जास्त नुकसान होतं. वीजपुरवठ्याचा भरवसा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या अटीचं वजन सांगायला नको. द्राक्षबागांत पेटवतात तशा शेकोट्यांचा उपयोग त्या मानानं थोडा. धूर ढगासारखं काम करतो ही समजूत फार जुनी आहे, पण धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता त्यांना बिनदिक्कत ओलांडून जाते. जे काही मिळतं ते आगीच्या उबेनं आणि तिच्यामुळे हललेल्या हवेनं. शिवाय द्राक्षांसाठी केलेला खर्च वैरणीसाठी कोण करणार? उद्यानातल्या रोपांवर जाळी आणि वाळक्या फांद्या टाकतात, चहाच्या कोवळ्या रोपांना गवत आणि नेच्यांनी झाकतात. एकरभर ओट झाकायला तेवढं गवत असतं तर ओट पेरलाच नसता.

वैरण गोठली एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर ती नुकसानीची गोष्ट राहिली असती. जिवावर बेतणारा भाग त्यानंतर येतो. पहाटे जनावरं गोठलेल्या कुरणात सोडली तर पहिली गोष्ट घडते ती पायाखाली. ताठ झालेली पानं खुरांखाली मोडतात आणि दोन दिवसांनी खुरांचे तपकिरी ठसे रांगेनं उमटतात. तिथलं गवत उशिरा फुटतं. लसूणघास आणि क्लोव्हर गोठून वितळले की त्यांच्या पेशी फुटलेल्या असतात, पोटात ते झपाट्यानं आंबतात आणि पोटफुगीची शक्यता वाढते. सकाळी कोरडी वैरण आधी, हिरवी मागाहून, ऊन चढल्यावर, हा जुन्या गोठेवाल्यांचा शिरस्ता याच कारणानं शहाणपणाचा.

सर्वांत मोठी धास्ती ज्वारीची. महाराष्ट्रातल्या कुणालाही ‘किराळ लागणं’ हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. पावसानं ताण दिला, कोवळी ज्वारी मलूल झाली, जनावर त्यात शिरलं आणि बांधावरच कोसळलं. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरीन नावाचं द्रव्य असतं. ते फोडणारं विकर त्याच्यापासून वेगळं ठेवलेलं असतं. दोघं वेगवेगळी आहेत तोवर भीती नाही. पेशी चिरडली की ती एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. हे विष रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही, म्हणून रक्त लालभडक दिसत असतानाच जनावर गुदमरतं. दुष्काळात जे काम ताण करतो तेच काम हिम एका रात्रीत सगळ्या शेतावर करतं, प्रत्येक पानातली प्रत्येक पेशी फोडून. वरचा भाग पूर्ण वाळेपर्यंत, साधारण आठवडाभर, अशा ज्वारीत जनावर सोडू नये. त्यानंतर बुडातून येणारे हिरवेगार फुटवे त्याहून घातक. गुडघ्याखालचं बाटूक दिसायला जितकं गोड तितकं विषारी. कापून नीट वाळवलं किंवा मुरघास केला की विष बरंच उतरतं. जनावराला लागलंच तर पशुवैद्य सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम नायट्राइटची इंजेक्शनं शिरेतून देतात, पण वेळ मिनिटांत मोजावी लागते. बाजरी आणि संकरित नेपिअरला हे विष नाही. त्यांच्यात आणि ओटमध्ये, वाढ अडली की नायट्रेट साठण्याचा धोका वेगळा.

गोठलेल्या मक्याचा मुरघास करताना लोक हमखास फसतात. पानं एका दिवसात कागदासारखी होतात, म्हणून पीक वाळलं असं वाटतं. कांडं आणि कणीस मात्र पाण्यानं भरलेलं असतं. घाईनं कुट्टी करून खड्डा भरला की आठवड्यात तळाशी रस साचतो आणि आंबूस ऐवजी कुजका वास येतो. मूठभर कुट्टी घट्ट दाबून पाहावी. हात ओला झाला पण थेंब गळला नाही, इतका ओलावा योग्य. उलट फार दिवस उभं ठेवलं तर पानं झडतात, पावसाची एखादी सर उरलीसुरली शर्करा धुऊन नेते आणि हाती नुसतं चिपाड येतं.

थंडीत जनावराला अंग ऊबदार ठेवायलाच जास्त खाणं लागतं, आणि नेमकी तेव्हाच हिरवी वैरण आटते. भाताचा पेंढा, कडबा यांत पोषण कमी असलं तरी रवंथ करताना ते आंबून जी ऊब पोटात तयार होते ती रात्री कामाला येते. निलगिरीतल्या भाजीपाल्याच्या पट्ट्यात गाजराचा, कोबीचा, मुळ्याचा टाकाऊ पाला या दिवसांत गाईंपुढे पडतो. पश्चिम घाटाच्या याच डोंगररांगेत केरळच्या बाजूला मुन्नारजवळ मट्टुपेट्टी आहे. १९६३ साली तिथं भारत-स्वित्झर्लंड प्रकल्प सुरू झाला आणि ब्राऊन स्विस वळूंच्या संकरातून सुनंदिनी ही जात आली. आल्प्समधल्या गाई दक्षिण भारतात ठेवायच्या तर थंड जागा हवी, हा विचार बरोबरच होता. पण थंड जागा घेतली की हिमही पदरात पडतं. जानेवारी २०१९मध्ये मुन्नारच्या परिसरात हिमानं चहाचे मळे मोठ्या क्षेत्रावर करपले, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. त्याच रात्री करपलेल्या चाऱ्याची बातमी कुणी फारशी केली नाही. वैरणीला लिलाव नसतो, त्यामुळे तिच्या नुकसानीला आकडाही मिळत नाही.

इथवर हिम म्हणजे संकट असाच सूर लागला. निलगिरीच्या बाबतीत मात्र हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जॉन सुलिव्हन हा कोइंबतूरचा कलेक्टर १८१९मध्ये या पठारावर आला तेव्हा त्याला दिसली ती मैलोन् मैल गवताची उघडी टेकाडं आणि त्यांच्या घळींमध्ये दाटलेली ‘शोला’ नावाची बुटकी जंगलं. या गवतावर तोडा लोक आपल्या म्हशी पाळत होते. या म्हशींचं दूध ज्या झोपड्यांत घुसळलं जाई त्या देवळाइतक्या सोवळ्याच्या. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या मानववंशशास्त्रज्ञानं १९०६च्या आपल्या ग्रंथात त्या आचारांचं बारकाईनं वर्णन केलं आहे. कोरड्या दिवसांत तोडा आपले कळप पश्चिमेच्या कुंदा डोंगरांकडे, जास्त ओलाव्याच्या कुरणांत नेत. गोठलेल्या चाऱ्यावरचा हा सर्वांत जुना उपाय. ना शेकोटी, ना तुषार सिंचन, सरळ मुक्काम हलवायचा.

इतका पाऊस पडत असताना या टेकाडांवर जंगल का चढलं नाही, हा प्रश्न वनाधिकाऱ्यांना छळत होता. १९३८मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात त्यावर दोन विरोधी मतं मांडली गेली. सी. आर. रंगनाथन यांच्या मते शोलाची रोपं उघड्या गवतात हिमानं मरतात म्हणून जंगल पुढे सरकत नाही. एन. एल. बोर यांनी वणव्याकडे आणि माणसाकडे बोट दाखवलं. वाद दशकानुदशकं चालला. १९९३मध्ये रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी निलगिरीच्या दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या थरांमधला कार्बन तपासला आणि ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की गेल्या सुमारे वीस हजार वर्षांत इथं उष्ण प्रदेशी गवतं आणि इतर वनस्पती यांचं प्रमाण हवामानाबरोबर मागे-पुढे होत आलं आहे. म्हणजे गवत हे कुणी अलीकडे जंगल तोडून केलेलं नव्हे, ते मूळचंच रहिवासी. २०२०मध्ये अतुल जोशी, जयश्री रत्नम आणि महेश शंकरन यांनी प्रत्यक्ष प्रयोग छापले. उघड्या गवतात रात्रीचं तापमान शोलाच्या आतल्यापेक्षा कितीतरी खाली जातं, कारण झाडांचं छत जंगलाच्या आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. गवतात लावलेली शोलाची रोपं हिमानं मोठ्या प्रमाणात मेली. रंगनाथन यांच्या बाजूचं पारडं यामुळे चांगलंच जड झालं, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच प्रयोगात एक तिसरा गडी होता, ऑस्ट्रेलियातून कातडी कमावण्याच्या सालीसाठी आणलेली बाभूळ, म्हणजे वॅटल. तिची रोपं त्याच गवतात स्थानिक झाडांपेक्षा चांगली तगली. वरून उघड्या ठेवलेल्या कक्षांमध्ये रात्रीचं तापमान किंचित वाढवून पाहिलं तेव्हा गवताचं हे हिमाचं कुंपण आणखी सैल होतं असं दिसलं. शेजारच्या पळनी डोंगरात काय झालं ते उपग्रहांच्या चित्रांवरून मोजलेलं आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार दशकांत तिथलं डोंगरी गवताळ क्षेत्र दोन तृतीयांशांनी आटलं. बराचसा भाग लाकडासाठी लावलेल्या झाडांनी आणि शेतीनं खाल्ला. तोडा म्हशींच्या चराईची जागाही अशीच आकसत गेली आहे. गुराख्याला ज्या रात्रीची भीती वाटते तिनंच त्याचं कुरण हजारो वर्षं झाडांपासून राखलं होतं.

जानेवारी संपताना हिमानं वाळवलेलं गवत टेकाडांवर उभं असतं आणि वनखात्याची जाळरेषा काढण्याची धांदल सुरू होते, कारण फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात त्याला ठिणगी पुरते. मार्च-एप्रिलच्या वळिवानंतर किकुयू आधी हिरवं होतं, नेपिअरचे ठोंब त्यामागून. सँडीनल्लाच्या उंचीवर ज्याला पुढच्या हिवाळ्यात ओट हवा आहे त्यानं तो वरच्या उतारावर, थंड हवा ज्याच्या खाली वाहून जाईल अशा जागी घ्यावा, आणि ओढ्याकाठची खोलगट जमीन क्लोव्हर-रायग्राससाठी सोडावी. बियाणं मात्र मुठीत राखून ठेवलेलं हवं. एखादी डिसेंबरची रात्र पहिली पेरणी घेऊन गेली तर फेब्रुवारीत दुसरी करता येते, आणि तोवर दावणीला पेंढा पुरतो.